आधी धडा करा

तोलणारानं आपल्यावर एकदा नजर टाकली की समजावं, आपलं वजन झालं. तो आकडा तोंडानं सांगेलच असं नाही. पण त्याच्या डोक्यात तो पडलेला असतो, चपलांची घट वजा करून पडलेला असतो, आणि पुढच्या भेटीत ‘दिवाळी मानवली वाटतं’ एवढ्याशा बोलण्यातून बाहेर येतो.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हा माणूस अजून पाहायला मिळतो. छातीच्या खिशात बाजार समितीचा परवाना, कानामागं बॉलपेन, काखेत वही आणि डोळे सदैव काट्यावर. आडत्या भाव पुकारतो, खरेदीदार तो पाडतो आणि शेतकरी उरलेला भाव ऐकून कपाळाला हात लावतो. तोलणाराला भावाशी देणंघेणं नाही. कांदा रडवो नाहीतर हसवो, त्याची तोलाई वजनावर. पहाटेच्या त्या गलक्यात आवाज न चढवता बोलणारा माणूस शोधायचा असेल तर काट्याजवळ जावं.

आमच्या गाळ्यावरचे अण्णा म्हणजे या प्रकारातला अव्वल माल. मी त्याच गाळ्यावर दिवाणजी. ते आकडा सांगायचे, मी पट्टीवर उतरवायचो. त्यांच्या आकड्यात कधी खोट निघाली नाही आणि त्यांच्या बोलण्यात वजनाखेरीज दुसरा विषय निघाला नाही. लग्नाला गेले की रुखवतातला लाडू उचलून जागेवर ठेवतात आणि वधूपित्याला हळूच सांगतात, “किलोला अठरा बसवलेत. सोळा बसवायचे होते.” एसटीत चढले की आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवतात आणि जिकडं बारीक माणसं बसली असतील तिकडं जाऊन बसतात. गाडीचा तोल सांभाळणं हे ड्रायव्हरचं काम आहे, यावर त्यांचा विश्वास नाही. कुणी एखाद्या पुढाऱ्याबद्दल ‘भारी माणूस’ म्हणालं तर अण्णा प्रामाणिकपणे दुरुस्ती करतात, “नाही हो, पासष्टच्या वर नसेल. जाकीट आहे ते.”

त्यांचं खरं दैवत मात्र वजन नाही. त्यांचं दैवत धडा. माल चढवण्याआधी दोन्ही रिकामी पारडी बरोबरीत आणायची, म्हणजे धडा करायचा. ज्यानं धडा केला नाही त्याचं पुढचं सगळं वजन खोटं, मग त्यानं सोन्याची मापं वापरली तरी. ‘आधी धडा करा’ हे वाक्य अण्णा हमालाला सांगतात, आडत्याला सांगतात आणि भांडणाऱ्या नवरा-बायकोलाही सांगतात. विजेचे काटे आल्यावर धडा एका बटणावर आला. तरी अण्णांच्या खिशात शिक्का मारलेलं अर्धा किलोचं माप असतंच. नव्या काट्यावर ते आधी आपलं माप ठेवतात. दवाखान्यात गेले तरी तेच. डॉक्टर ‘उभे राहा’ म्हणतात आणि हे खाली वाकून फरशी समतल आहे का ते पाहतात. एका दवाखान्यातल्या काट्यात त्यांनी सातशे ग्रॅमची चूक काढली, आणि बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना तेवढे ग्रॅम परत केले. चार बायका औषध न घेता आनंदानं घरी गेल्या.

ही विद्या घराण्यातली. वडील मंडईत तागडी धरायचे, मण-शेराच्या काळात. 1958 पासून दशमान मापं येऊ लागली आणि 1962 पर्यंत किलो सक्तीचा झाला. त्या संधिकाळात अण्णा लहानाचे मोठे झाले. त्यामुळं त्यांना दोन्ही भाषा येतात. ते वजन किलोत सांगतात, पण आश्चर्य शेरात व्यक्त करतात.

आता या माणसाचा आणि गॉथिक चर्चचा संबंध काय? संबंध त्यांच्या नातीमुळं आला. ती मुंबईला आर्किटेक्चर शिकते. सुट्टीत घरी आली की आजोबांना खांब, कमानी आणि घुमट ऐकवते. एकदा म्हणाली, “अण्णा, तुम्ही एवढं वय झालं तरी एक मोठी गॉथिक इमारत नीट पाहिली नाहीत.”

अण्णा म्हणाले, “माझं बालपण मंडईत गेलं.”

नात गप्प झाली, कारण अण्णांचं बरोबर होतं. पुण्याची मंडई गॉथिकच आहे. मधोमध उंच मनोरा, टोकदार कमानी, अष्टकोनी घाट. 1886 साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती उघडली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता. पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा पुणेकर गॉथिक छताखाली बसून शंभरावर वर्षं वांगी निवडतो आहे. वर बघायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही, कारण वर बघितलं की खाली मापात फरक पडतो.

“मंडई बाजार आहे. मी कॅथीड्रलबद्दल बोलतेय,” नात म्हणाली. शेवटी एका शनिवारी, यार्डाचा भाजीबाजार बंद असतो म्हणून, अण्णांना मुंबईला न्यायचं ठरलं. अण्णा मुंबईत कुणाच्या काट्यात हात घालतील याचा नेम नाही, म्हणून घरच्यांनी मलाही बरोबर दिलं.

डेक्कन क्वीननं आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. नातीनं तिथंच सुरुवात केली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाचा वास्तुविशारद, 1878 ला काम सुरू, राणीच्या ज्युबिलीला, 1887 ला, नामकरण, 2004 साली युनेस्कोच्या यादीत. घुमट बघा, कमानी बघा, दगडात कोरलेली पानं-फुलं बघा. अण्णा एका हमालाकडं बघत होते. त्यानं दोन सुटकेसा डोक्यावर आणि एक पिशवी हाताला अशी मांडणी केली होती.

“अण्णा, इमारत वर आहे.”

“इमारत दीडशे वर्षं उभी आहे, ती कुठं जात नाही. ह्याचं डावं खांदाड मात्र जाणार. पिशवी उजव्या हाताला पाहिजे.” आणि पुढं होऊन त्यांनी ती पिशवी बदलून दिली. हमालानं चार पावलं टाकली, मागं वळून पाहिलं आणि मान हलवली. युनेस्कोनं दिलेल्या मानापेक्षा अण्णांना ती मान मोलाची वाटली.

तिथून चालत आम्ही फोर्टात सेंट थॉमस कॅथीड्रलला आलो. चर्चगेट स्टेशनला ज्या गेटाचं नाव आहे, ते गेट ज्या चर्चकडं जायचं ते हे चर्च. पाया 1676 साली जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना घातला. मग काम थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. शेवटी 1718 च्या नाताळात ते उघडलं. इथं अण्णांनी पहिल्यांदा इंग्रजांबद्दल आपलेपणा दाखवला. “म्हणजे त्यांच्यातही टेंडर असंच चालायचं,” ते म्हणाले.

नात प्रामाणिक आहे. तिनं आधीच सांगून टाकलं की ही इमारत काही एकजात गॉथिक नाही. मूळ चर्च साधं, जाड भिंतींचं. छत तोफगोळ्यालाही दाद देणार नाही असं बांधलं होतं म्हणतात. 1837 साली मुंबईला बिशप आला, चर्चचं कॅथीड्रल झालं आणि दर्जा वाढला तसा मनोराही वाढला. टोकदार कमानींचा, रंगीत काचांचा गॉथिक गाभारा 1860 च्या दशकातला. अण्णांनी मान डोलावली. “वरचा थर निवडक, खालचा सरसकट. चालतं. सांगून विकलं की फसवणूक नाही.”

मग तिनं एक गोष्ट सांगितली आणि अण्णा उभ्या जागी थरारले. जुन्या मुंबईत मैलाचे दगड होते. त्यांच्यावरचे आकडे या चर्चपासून मोजलेले. म्हणजे तिथला शून्य मैल इथं.

“शून्य इथं?” अण्णांनी पायाखाली पाहिलं.

“हो.”

“मग असं सांग ना की मुंबईचा धडा इथं केलाय!” आणि त्यांनी चपला काढल्या. चर्चमध्ये चपला काढत नाहीत हे नातीनं सांगून पाहिलं. अण्णांनी त्या चर्चसाठी काढल्याच नव्हत्या.

आत गेल्यावर नातीनं वर्गात शिकवलेलं वाक्य म्हटलं. “गॉथिक इमारतीत शिरलं की माणसाची नजर आपोआप वर जाते. सगळ्या रेषा स्वर्गाकडं झेप घेतात.” मी वर पाहिलं. माझी नजर खरोखर गेली. अण्णा खांबाच्या पायाशी उकिडवे बसले होते.

“पोरी, वर जायला नजरेला काय कष्ट आहेत? वजनाला खाली यायचंय. ते कुठल्या वाटेनं येतंय ते सांग.”

एवढ्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ती खाली बसली, वहीत रेघा काढू लागली. अर्धगोल कमान वजन बाजूला फार ढकलते, म्हणून तिला जाड भिंती लागतात. टोकदार कमान तेच वजन जास्त सरळ खाली सोडते. छताच्या दगडी फासळ्या भार गोळा करून ठरावीक खांबांवर आणतात. खांबानं भार घेतला की भिंत मोकळी झाली, म्हणून तिथं एवढ्या उंच काचा बसवता आल्या. बाराव्या शतकात पॅरिसच्या आसपास गवंड्यांना हे नीट जमलं आणि युरोपभर चर्चं उंच होत गेली.

“आणि जो रेटा सरळ खाली येत नाही तो?” अण्णांनी विचारलं. “थोडा तरी बाजूला जाणारच.”

नातीनं मोबाइलवर पॅरिसचं नोत्र दाम काढलं. बाहेरून भिंतीला टेकलेल्या दगडी अर्ध्या कमानी. यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात, ती म्हणाली, त्या बाजूचा रेटा झेलून दूरच्या भक्कम खांबात उतरवतात. अण्णांनी मोबाइल हातात घेतला. आडवा केला, उभा केला. मग भुसार बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दिवाणजी, थप्पी!”

वाचकांपैकी ज्यांनी गोदाम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोत्यांची थप्पी एका मर्यादेपलीकडं उंच लावली की ती मधून पोट काढते. हमालाला ते डोळ्यानं कळतं. मग पोतं न काढता बाहेरून तिरका टेका लावतात. अण्णांच्या मते फ्रान्सच्या गवंड्यांनी नऊशे वर्षांपूर्वी देवाच्या घराला जो टेका लावला, तो गूळ-भुसार विभागात आजही लावतात. फरक इतकाच की आपल्याकडं तो पाहायला कुणी तिकीट काढून येत नाही.

मग ते उठले ते थेट बाहेर. सेंट थॉमसच्या बाजूच्या भिंतींचे टेके पाहत त्यांनी प्रदक्षिणा घातली. एकाला तळहात लावून रेटून पाहिलं. रखवालदार धावत आला. “काका, हात लावू नका.” अण्णा शांतपणे म्हणाले, “ढकलत नाही, विचारतोय.” रखवालदाराच्या नोकरीत असं उत्तर बसत नसावं, तो परत गेला.

आतल्या संगमरवरी स्मारकांपाशी मात्र अण्णा गंभीर झाले. सेंट थॉमसच्या भिंती स्मारकांनी भरल्या आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन 1811 साली वारला, त्याचं स्मारक मोठं, त्यात कोरलेल्या माणसांसकट. बाजूला कुणी सेनाधिकारी, कुणी कंपनीचा बडा नोकर, त्यांचेही दगड भरदार. आणि कोपऱ्यात विशीतच वारलेल्या पोरांच्या बारक्या पाट्या. अण्णांना इंग्रजी येत नाही. त्यांनी फक्त दगड पाहिले, मनात तोलले आणि निकाल दिला: “हुद्द्याप्रमाणं दगड दिलाय. मेल्यावर वजन केलं, पण धडा केला नाही.” मी दिवाणजी म्हणून आयुष्यभर त्यांचे आकडे लिहिले. हे वाक्य पट्टीवर लिहायला रकाना नव्हता.

दाराबाहेर एक दगडी कारंजं आहे, सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेलं. नातीनं आडनावाचा अर्थ सांगताच अण्णांनी कारंज्याला हात जोडले. रोखीनं व्यवहार करणारा माणूस यार्डात दिसला तर त्याच्याही पाया पडायची आमची तयारी आहे.

समोरच हॉर्निमन सर्कलचा गोल बगीचा. मोठी झाडं, कुंपण, भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव त्याला स्वातंत्र्यानंतर मिळालं. आधीचं एल्फिन्स्टन सर्कल, 1872 चं. त्याच्याही आधी इथं नुसतं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. आम्ही बाकावर बसलो. नात झाडांची नावं सांगू लागली. अण्णांना फुलबाजार माहीत असल्यानं वासाशिवायचं झाड त्यांना फुकट वाटतं. ते जांभई देणार एवढ्यात ती म्हणाली, “या मैदानात पूर्वी कापसाचे ढीग असायचे. इथंच कापूस यायचा, तोलला जायचा, विकला जायचा. 1844 साली गर्दी आणि कचरा फार झाला म्हणून तो बाजार कुलाब्याला हलवला.”

अण्णा ताठ बसले. “म्हणजे हे यार्ड होतं?”

“हो.”

“आणि गावात गर्दी झाली म्हणून बाहेर काढलं?”

“हो.”

पुण्याच्या पेठांतून घाऊक बाजार गुलटेकडीला हलला तेव्हा अण्णा ऐन तारुण्यात होते. टेम्पोत काटे भरून नेण्याचं काम त्यांनीच केलं होतं. त्यामुळं पुढची दहा मिनिटं त्यांनी त्या बगीच्याकडं जी नजर टाकली, ती उद्यान पाहणाऱ्याची नव्हती. इथं काटा कुठं असेल, गाड्या कुठल्या बाजूनं आत येत असतील, हमाल सावलीला कुठं बसत असतील. “कापूस खंडीवर,” ते स्वतःशीच म्हणाले. “खंडी म्हणजे 784 पौंड. आजसुद्धा कापसाचा भाव त्याच खंडीवर बोलतात, 356 किलो.” नातीनं मोबाइलवर पडताळून पाहिलं. बरोबर होतं. तिनं आणखी भर घातली की 1850 च्या दशकात समोरच्या टाउन हॉलपुढं वडाखाली शेअर दलाल जमायचे, त्यातून पुढं मुंबईचा शेअर बाजार निघाला. यावर अण्णा काही बोलले नाहीत. ज्या मालाला वजनच नाही त्याची आडत कशी घेतात, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही.

परतीच्या गाडीत नातीनं फोनवर शेवटचा धडा दिला. फ्रान्समध्ये बोव्हे नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी सगळ्यांत उंच कॅथीड्रल बांधायचं ठरवलं. आतलं छत 48 मीटरवर नेलं. 1284 साली ते कोसळलं. पुन्हा बांधलं. मग 1569 साली 153 मीटरचा मनोरा चढवला. तो चार वर्षांत पडला. पुढचं काम राहिलं ते राहिलंच, आजही ते चर्च अर्धंच आहे.

“कडता धरला नाही,” अण्णा म्हणाले आणि झोपले. कडता म्हणजे मातीसाठी, ओलीसाठी, देठासाठी वजनातून आधीच सोडायची घट. माणसाच्या हौसेतूनही थोडी घट आधीच सोडावी लागते, एवढा अर्थ मी माझ्या पदरचा लावला.

रविवारी यार्डात आवक नेहमीसारखी प्रचंड. हमालांनी विचारलं, “काय अण्णा, मुंबईत काय बघितलं?” अण्णांनी काट्यावरून नजर न काढता उत्तर दिलं, “एक जुनं यार्ड, आणि शेजारी एक थप्पी. टेका चांगला लावलाय.”

हल्ली काटा स्वतःच आकडा दाखवतो, मग तोलणार हवा कशाला, असं विचारणारे लोक बाजारात वाढले आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की काटा आकडा सांगतो. तो आकडा कुणाच्या पाठीवर उतरतो, हे सांगायला अण्णाच लागतात. गॉथिक इमारतींवरच्या जाड पुस्तकांत स्वर्गाबद्दल भरपूर लिहिलेलं असतं. भाराबद्दल विचारणारा माणूस त्या पुस्तकांच्या दुकानात क्वचितच जातो.

तेव्हा फोर्टात गेलात तर सेंट थॉमस जरूर पाहा. आत शिरण्याआधी बाजूनं एक चक्कर मारा, भिंतीचे टेके पाहा, मग खांबाचा पाया पाहा आणि काचांकडं शेवटी वळा. बरोबर गाइड घेऊ नका. घरात, गावात, ओळखीत जो कुणी आयुष्यभर ओझं उचलत किंवा तोलत आला असेल, त्याला घेऊन जा. आणि स्मारकांपुढं उभं राहण्याआधी तेवढा धडा करायला विसरू नका.